लंडनला निघालोय खरे, पण मुलं कंटाळली तर?

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही सात दिवस लंडनला जातोय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मिस्टरांनी एक्सेल शीट केलीय, दिवसाला चार-चार ठिकाणं, राजवाडे, किल्ला, चर्च, सगळं. मला आत्ताच दिसतंय की दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी राजाच्या कबरीपाशी मुलगी फतकल मारून बसणार. मुलांना खरंच मजा येईल असं काय आहे तिथे?

उत्तर : शीट डिलीट करू नका, मिस्टर रुसतील, फक्त त्यातली अर्धी ठिकाणं उडवा. माझा साधा हिशोब आहे, तिकिटाचं ठिकाण दिवसाला एकच आणि तेही सकाळी, जेवणानंतर मुलांचं राज्य. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे घाई कसलीच नाही. (मुलं झोपायला तयार होत नाहीत ती वेगळी भानगड, हॉटेलच्या खोलीला जाड पडदे आहेत ना ते आधी विचारा.)

आणि खरं सांगू का, चार वर्षांच्या मुलीसाठी पहिलं आकर्षण म्हणजे तिथल्या गाड्याच. ११ वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, ट्यूब (म्हणजे तिथली भुयारी रेल्वे) आणि डीएलआरलाही एका मोठ्या माणसासोबत अशी चार मुलं फुकट जातात. डीएलआर म्हणजे बिनड्रायव्हरची छोटी रेल्वे, पुढे केबिनच नाही, म्हणून बँक स्टेशनला जिथून ती सुटते तिथेच पहिली सीट धरायची आणि मग पोरगी पूर्ण वेळ गाडी 'चालवत' बसते. आयलंड गार्डन्सला उतरा आणि थेम्स नदीच्या खालून जो पायी जायचा बोगदा आहे त्यातून पलीकडे ग्रीनिचला निघा. १९०२ सालचा, ३७० मीटरचा, आतून सगळ्या पांढऱ्या टाइल्स, आणि आरोळी ठोकली की अशी घुमते की मुलगा तिथून हलणार नाही. सासूबाईंना मिस्टरांबरोबर गाडीतच बसू द्या, पुढचंच स्टेशन कटी सार्क. त्या नावाचं जहाज तिथे उभं आहे, १८६९ सालचं, चीनहून चहा आणायचं, ते वर उचलून ठेवलंय त्यामुळे त्याच्या पोटाखालून चालता येतं. मग वरच्या पार्कात मुलांना टेकडीवरून गडगडू द्या, झाला दिवस.

गुडघ्यांचं मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच ट्यूब स्टेशनांवर लिफ्ट नाही, मॅपवर व्हीलचेअरची खूण असलेलीच स्टेशनं निवडा, नाहीतर सरळ बस. आजींना डबलडेकर आवडेलच, फक्त वरच्या मजल्याचा हट्ट मुलांनी एकट्याने करायचा.

साउथ केन्सिंग्टनला तीन म्युझियम शेजारी-शेजारी आहेत, तिन्ही फुकट, पण तिन्ही एका दिवसात करायला गेलात तर रडारड नक्की. नॅचरल हिस्टरीत शिरताच डोक्यावर निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा, पुढे हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स (चार वर्षांची बहुतेक तुमच्या कडेवर चढेल), आणि एक लुटुपुटूचं जपानी दुकान, १९९५ च्या कोबेच्या भूकंपासारखं गदागदा हलतं, मुलगा चार वेळा जाईल. प्रवेशाची वेळ ऑनलाइन घेऊन ठेवा, रांग मोठी असते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) मध्ये जाऊन फक्त एकच वस्तू बघा, टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला, पोटात चक्क वाजायचा बाजा. वाघनखं दाखवू असं मुलाला प्रॉमिस केलं असेल तर सांभाळा हं, ती म्युझियमने २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवलीत.

टॉवर ऑफ लंडन ठेवा, तेवढं मिस्टरांचं ऐका. पण सुरुवात कावळ्यांपासून, ते डोमकावळे टॉवर सोडून गेले तर राज्य बुडतं अशी समजूत आहे म्हणून कमीत कमी सहा तरी कायम पाळतात. कोहिनूरही तिथेच, १९३७ साली तेव्हाच्या राणीसाठी (दुसऱ्या एलिझाबेथच्या आईसाठी) केलेल्या मुकुटात. माझ्या भाच्याने भर रांगेत मोठ्याने विचारलं होतं, "मावशी, आपला आहे ना, मग हे परत का देत नाहीत?" उत्तर घरूनच तयार करून जा.

बकिंगहॅम पॅलेससमोरची गार्डची ड्यूटीबदली मी शीटमधून काढून टाकेन. रोज नसते, आणि असते तेव्हा मुलांना समोरच्यांच्या पाठी दिसतात. त्यापेक्षा हॉर्स गार्ड्सला घोडे बघा आणि शेजारच्या सेंट जेम्स पार्कात पेलिकन, १६६४ पासून आहेत तिथे.

एक दिवस प्रिमरोज हिलचा. तिथल्या १० किंग हेन्रीज रोडला बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहायचे, आता स्मारक आहे, आजी तिथे निवांत बसतील. मुलाला त्यांचं अभ्यासाचं सांगा पण दहा मिनिटांत आटपा, कारण टेकडी समोरच आहे आणि वरून अख्खं लंडन दिसतं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला सगळंच 'बोअर' वाटतं. आणि त्याचं पूर्ण तिकीट लागेल का?

उत्तर : ११ ते १५ वयाला ऑयस्टर कार्डवर (बस-ट्यूबचं प्रवासी कार्ड) यंग व्हिजिटर डिस्काउंट मिळतं, १४ दिवसांपर्यंत अर्धं भाडं. ते आपोआप लागत नाही, मुलाला सोबत नेऊन स्टेशनवरच्या स्टाफकडून कार्डावर टाकून घ्यायचं. बोअरवर औषध म्हणजे टॉवर ब्रिजच्या वरच्या पुलातली काचेची फरशी, खाली ४२ मीटरवर नदी. पूल उघडण्याच्या वेळा वेबसाइटवर असतात, त्या बघून जा आणि त्याला काचेवर आधी तुम्ही उभ्या राहून दाखवा.