गोफरची नवी उपप्रजाती म्हणण्याआधी शेतात कोणतं पीक होतं ते विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि थेट माझी जुनी वही काढली. कॅलिफोर्नियात कालव्याच्या अलीकडे पकडलेले बोट्टाचे पॉकेट गोफर (बिळात राहणारे, उंदराच्या जातकुळीतले प्राणी) मोठे, काळपट, कवटीने रुंद. पलीकडच्या टेकडीवरचे लहान आणि फिके. मग नवी उपप्रजाती धरून वर्णन लिहायला घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: इतक्यात नको. मी असंच एक वर्णन लिहिलं होतं आणि त्यापायी माझं दीड वर्ष गेलं.

मी संग्रहालयातलं काम सोडून बरीच वर्षं झाली, हे आधीच सांगते. परवाने, जनुकीय तपासणी याबाबत तुमच्या क्युरेटरचाच शब्द प्रमाण माना. कवटी कुठून कुठवर मोजायची ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

माझ्याकडे ३८ कवट्या होत्या. गालाच्या दोन कमानींमधली रुंदी कॅलिपरने महिनाभर मोजत बसले. आलेख काढला तर दोन घोळके स्वच्छ वेगळे! नाव ठरवलं, सगळ्यात थोराड नर होलोटाइप म्हणून, म्हणजे ज्यावर नाव बेततात तो मूळ नमुना म्हणून, बाजूला काढला. मसुदा वाचायला दिला तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "शेतात काय लावलं होतं?" मी त्या नराच्या पायाला बांधलेलं लेबल उलटून बघितलं. माझ्याच अक्षरात, काळ्या शाईत: 'शेताची कड, ओलसर जमीन'. पिकाचं नाव नाही. परत त्या जागी गेले तर पिस्त्याची रोपं उभी होती. मालकाने सांगितलं, आधी लसूणघास होती.

लसूणघास म्हणजे गोफरला पाणी दिलेला, कसदार चारा, तोही बिळाच्या तोंडाशी. १९८७ साली पॅटन आणि ब्रिल्स्की या संशोधकांनी याच प्रजातीवर काम करून दाखवलं होतं की लसूणघासीच्या शेतातले गोफर लगतच्या रानातल्या गोफरांपेक्षा बरेच मोठे होतात, आणि त्यामागे खाण्याचा कस असतो. तो लेख माझ्या टेबलावर पडून होता, मी वाचलेला नव्हता. महिनाभर मोजलेला फरक बहुतांशी चाऱ्याचा निघाला. भरीला शेतातल्या माझ्या नमुन्यांत नर जास्त होते. यांच्यात मादी वयात आली की तिची वाढ थांबते, नर त्यानंतरही वाढत राहतो. नर-मादी एकत्र करून काढलेली सरासरी कामाची नाही. शेत नांगरलं गेल्यामुळे नव्याने नमुने घेणंही शक्य नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते प्राणी मी मारले होते.

रंगावरही भिस्त ठेवू नका. गोफरची पाठ बहुधा त्या जागच्या ताज्या उकरलेल्या मातीच्या रंगाशी जुळते, त्यामुळे एकमेकांशी जवळचं नातं नसलेले गट काळ्या मातीत सारखेच काळपट दिसू शकतात. शिवाय केस बदलत असताना पाठीवर नव्या-जुन्या केसांची सीमारेषा दिसते. तुमच्या फोटोतल्या तिसऱ्या कातड्यावर मला तीच दिसतेय.

इथे थोडं मनातलं बोलते. या एकाच प्रजातीत दीडशेहून जास्त उपप्रजातींची नावं दिली गेली आहेत, त्यातली कितीतरी मूठभर कातड्या-कवट्यांवरून. गोफर जमिनीखालीच जगतो, फार लांब जात नाही, म्हणून दर खोऱ्यात थोडा वेगळा दिसणारच. १९९० मध्ये पॅटन आणि मार्गारेट स्मिथ यांनी कॅलिफोर्नियातल्या नावांची संख्या बरीच खाली आणली, ते योग्यच झालं असं माझं मत. उलट, नाव टिकतं तिथे त्याला वजन असतं. वॉशिंग्टन राज्यातल्या मझामा गोफर या दुसऱ्या प्रजातीच्या चार उपप्रजाती २०१४ पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने 'धोक्यात' गणल्या आहेत, आणि तिथे काही ठिकाणी घर बांधायचं तर आधी गोफर आहेत का ते बघावं लागलं आहे. म्हणून नाव सैल हाताने देऊ नये.

तुमच्या जागी मी असते तर फक्त प्रौढ माद्या घेऊन पुन्हा तुलना केली असती. कवटीच्या मागचे सांधे जुळलेत का ते भिंगाखाली बघा, वयाचा अंदाज तिथे येतो. टेकडीच्या बाजूलाही पाणी दिलेलं शेत असेल तर तिथले नमुने मिळवा. फरक तिथे मावळला तर प्रश्नच मिटला. एवढं करूनही फरक उरला तर मग जनुकं आणि ७५ टक्क्यांचा जुना नियम (एका गटातले निदान ७५ टक्के प्राणी दुसऱ्या गटापासून वेगळे ओळखता आले तरच उपप्रजाती) वगैरे. पण एका कालव्याच्या दोन बाजूंवरून निष्कर्ष काढू नका. कालवा माणसाने कालपरवा खणलाय.

आणखी एक. कवट्या मांस खाणाऱ्या किड्यांच्या पेटीत साफ करायला देताना माद्यांची कंबरेची हाडं फेकू नका. व्यालेल्या मादीत जघनास्थींचा पुढचा सांधा विरघळून गेलेला असतो, त्यावरून ती वयात आली होती हे कळतं. ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये आधीच घाला. आणि लेबलवर पीक लिहा, पाणी कुठून येतं तेही लिहा.

मापांचा तक्ता इथे टाकलात तर रविवारी बघते. नर-मादी वेगळ्या रकान्यात हवेत.