बाबूने उंडा चावणं सोडलं

"तो स्वतःहून काही सांगत नाही. मग त्याचं काही दुखतंय की तो हट्ट करतोय, हे आम्हाला कळणार कसं?"

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वागणुकीवर मी काम करते. त्यांचे आईवडील मला हा प्रश्न कितीतरी वर्षं विचारत आले आहेत. 'मुलं' म्हणायचं ते सवयीने. त्यांतली बरीच आता तिशी-चाळिशीत आहेत. लहानपणी त्यांना थेरपी असते, शाळा असते, कोणी ना कोणी तपासत असतं. विशी ओलांडली की ती घरातच राहतात आणि मग फिट आली किंवा ताप चढला तरच डॉक्टरचं तोंड बघतात.

या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, बाबूची गोष्ट आहे. ती सांगायला त्याच्या आईने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून त्याची आई आली होती. वाळपईहून बस धरून फोंड्याला. माई म्हणते मी त्यांना. साठीला टेकलेल्या, नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला, थोरला मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टवर. बाबू २७ वर्षांचा. बोलण्यात सात-आठच शब्द, 'आई', 'उदक', 'बस', 'ना' असे. लहानपणापासून फिट येतात, त्यांची गोळी चालू. एरवी शांत, अंगण झाडणारा, नारळ गोळा करून ठेवणारा मुलगा.

अडीच महिन्यांपासून तो स्वतःच्या गालावर थापडा मारत होता. जेवताना ताट भिरकावायचा. रात्री झोपायचा नाही. एकदा वहिनी त्याला सावरायला गेली तर तिच्या मनगटाला चावला. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ होतं. त्या रात्री घरात पहिल्यांदा शब्द निघाला, "याला कुठेतरी ठेवूया."

एका दवाखान्यात त्याला दाखवलं होतं. तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं, "अशा मुलांचं वय वाढलं की असं होतंच." शांत राहण्याची गोळी लिहून दिली. गोळीने तो दिवसभर पेंगायचा आणि रात्री घरभर फिरायचा. हे सांगता सांगता माई मराठी सोडून कोकणीत गेल्या, "ताका कितें जाता तें कळना, बाई." त्याला काय होतंय ते कळत नाही.

यानंतर मी काय केलं ते लिहिणं मला जड जातंय, पण ते लिहिल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. मी त्यांना एक तक्ता दिला. बाबू थापड मारतो तेव्हा त्याआधी काय घडलं, नंतर कोण काय म्हणालं, याच्या नोंदी करा म्हटलं. आणि सांगितलं, "मारायला लागला की लगेच धावून जाऊ नका. लक्ष मिळतं म्हणूनही करत असेल." माईंनी ते इमानेइतबारे पाळलं. दोन आठवडे तो गालावर मारत राहिला आणि आई माझ्या सांगण्यावरून पाठ फिरवून बसली.

दोन आठवड्यांनी वही आली. शाळेची दोनरेघी वही, ठळक मराठी अक्षर. माझ्या रकान्यांत काही मावलं नव्हतं, म्हणून माईंनी समासात लिहिलं होतं. 'सकाळी उंडा (गोव्यातला गोल, कडक पाव) चहात बुडवून गिळला. चावला नाही.' 'भात जेवला. तळलेलं नुस्तं (मासा) तोंडातून काढून टाकलं.' 'उजव्या कुशीवर निजत नाही.' 'रात्री उठून पाण्याच्या तांब्याला गाल लावून बसला.'

"माई, उंडा आधी कसा खायचा?"

"पोदेराचा (पाववाल्याचा) पोंऽ पोंऽ ऐकला की हा फाटकाशी. घरात यायच्या आत अर्धा संपलेला. कडकच लागायचा. चहाबिहा काही नको."

"आणि बुडवायला कधी लागला?"

त्यांनी आठवून पाहिलं. "चवथीनंतर." म्हणजे गणेश चतुर्थीनंतर.

थापडा कधी सुरू झाल्या? चवथीनंतर.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मोबाइलच्या उजेडात त्याचं तोंड बघायचा प्रयत्न केला, त्याने उघडू दिलं नाही. पण उजव्या गालाची कड किंचित वर आलेली दिसत होती. ब्रश करताना रक्त येतं म्हणून माईंनी दोनेक वर्षं नुसत्या चुळा भरायला लावल्या होत्या. फिटसाठी तो घेत होता ते औषध होतं फेनिटॉइन. त्याने बऱ्याच जणांच्या हिरड्या सुजल्यासारख्या वाढतात, दातांवर चढतात आणि खाली घाण साचते. गोळी इतकी वर्षं चालू होती, पण तोंडाकडे कोणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

हे फक्त बाबूच्या वाट्याला आलेलं नाही. रुग्णाला बौद्धिक अक्षमता आहे असं कळलं की बघणाऱ्याची नजर तिथेच अडते. जे काही होतंय ते त्या अक्षमतेमुळेच, असं धरलं जातं आणि खरा आजार तिच्या सावलीत दडून राहतो. स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये अमेरिकेत या चुकीला नाव दिलं, 'डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग'. त्यांनी मानसिक आजारांबद्दल लिहिलं होतं, पण दाढ, कान, पोट, थायरॉइड सगळ्यांना ते लागू पडतं. या सावलीची किंमत इंग्लंडमध्ये मोजली गेली आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली. २०१३ च्या अहवालात आलं की अशा व्यक्तींमधले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी जातात. अनेकांच्या बाबतीत निदानाला किंवा उपचाराला उशीर झाला होता. म्हणजे यातली अनेक माणसं अक्षमतेने नव्हे, वेळेवर न बघितलेल्या आजारांनी गेली. हा आकडा मी पूर्वी वाचलेला होता. तरीही बाबू समोर बसल्यावर मी तक्ताच काढला.

आता दाताचा डॉक्टर. पहिल्या ठिकाणी खुर्चीवर बसवण्याआधीच सांगण्यात आलं, "असा पेशंट आमच्याकडे जमणार नाही." माई बाहेर येऊन रडल्या. मग बांबोळी. आपल्याकडे 'बांबोळीला नेलं' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण या कामासाठी तिथे डेंटल कॉलेज आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ, शेजारी शेजारी असणं हेच मोठं सोयीचं.

तयारीला आम्ही तीन आठवडे घेतले. दुखणाऱ्या माणसाला इतकं थांबवणं बरं नव्हे. म्हणून आधी वाळपईच्या डॉक्टरांकडून सूज उतरायचं आणि वेदना कमी करायचं औषध घेतलं, त्याच्या फिटच्या गोळ्या त्यांना दाखवून. घरी थोरल्या भावाने आरामखुर्ची अंगणात मांडली. बाबूने मागे टेकायचं, भाऊ तोंडाला मास्क लावून टॉर्च धरणार, पाचपर्यंत मोजणार, मग सुट्टी. पहिले चार दिवस बाबू खुर्चीजवळही फिरकला नाही. पाचव्या दिवशी बाळाला खुर्चीत बसवून मोजलं तेव्हा तो हसत आला. वहिनीची कल्पना होती ती. चावलेल्या मनगटावरचा वण अजून गेला नव्हता.

एक दिवस नुसती इमारत बघून परतले. मोबाइलवर दाराचा, खुर्चीचा, पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो काढून आणला. रोज रात्री तो फोटो बघायचा.

रांगेत तीन तास बसणं बाबूला अशक्य होतं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम २५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळायला हवं. माईंना हे माहीत नव्हतं. मी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, सोबत त्याच्या यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स. नोंदणीच्या खिडकीवर भावाने तो कागद नम्रपणे पुढे केला आणि त्यांना आधी आत घेतलं गेलं. ओळखीचा माणूस शोधायची गरज पडली नाही.

पूर्ण भूल देऊन तीन दाढा काढल्या. एकीच्या मुळाशी पू होता. हिरड्या साफ झाल्या. मी माईंना एक विनंती करायला सांगितली होती, ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. एकदा भूल दिलीच आहे तर त्याच झोपेत रक्त घ्या, कान बघा, पोट तपासा. जागेपणी ज्याला सुई टोचायला चार माणसं धरावी लागतात, त्याच्यासाठी ही संधी वर्षांनी येते. दोन्ही कानांत दगडासारखा मळ निघाला. पोट डावीकडे घट्ट लागलं, बद्धकोष्ठामुळे.

हे बद्धकोष्ठ लोक फार हलक्यात घेतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये ते खूप आढळतं. पाणी कमी, हालचाल कमी, आणि वर शांत ठेवणाऱ्या कित्येक गोळ्या आतडं मंद करतात. पोट फुगतं, जेवण नको होतं, माणूस चिडतो. मग ती चीड शांत करायला आणखी गोळी येते. बाबू दिवसातून तीनदा संडासात जायचा, म्हणून माईंना वाटलं होतं की पोट साफ आहे.

दाढा काढल्यावर आठवड्याभरात गालावरच्या थापडा थांबल्या. ताट भिरकावणं थांबायला दोन महिने लागले, पोट मार्गावर येईपर्यंत. झोपेची आणि शांततेची ती गोळी मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू उतरवली. कृपा करून अशी गोळी कोणी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, फिटचा त्रास असेल तर मुळीच नाही. फेनिटॉइन बदलायचं का, हेही मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिलं.

सगळं मात्र दुखण्यातून आलेलं नव्हतं. बाळ रडायला लागलं की बाबू अजूनही कान झाकून ओरडतो. त्यासाठी मागच्या पडवीत त्याची एक जागा केली आहे, तिथे तो जाऊन बसतो. वागणुकीवरचं माझं काम तिथे उपयोगी पडलं, शरीर तपासून झाल्यावर.

म्हणून ज्या घरात ठरलेल्या सवयींच्या माणसात अचानक बदल दिसतो, त्यांना मी सांगते की आधी शरीर बघा. तोंड, कान, डोळे, पोट, लघवी, पायाची नखं, नवीन सुरू झालेलं औषध. डाऊन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा थायरॉइड बघायलाच हवं. डिचोलीची एक मुलगी 'आळशी झाली' म्हणून माझ्याकडे आणली होती, तिचं थायरॉइड पार मंदावलेलं होतं. मुलीच्या पाळीत पोटात दुखत असेल का, हे तर फार थोड्या घरांत विचारलं जातं. महिन्याच्या ठरावीक दिवसांतच ती बिथरते का, ते कॅलेंडरवर खुणा करून बघा.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे आरोग्य विम्याचं, कार्ड माईंच्या घरात होतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्याबद्दल मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागत नाही, ओपीडीचा खर्चही काही मर्यादेत बसतो. दुसरी गोष्ट, मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. ऑपरेशनच्या टेबलाशी सही कोणाची, हा प्रश्न पडण्याआधी तो अर्ज करून ठेवा. माईंनी नंतर केला, थोरल्या मुलाला सोबत घेऊन.

सगळं निवळल्यावर एकदा माई एकट्याच आल्या. काजूचा हंगाम संपला होता, पिशवीत भाजलेल्या बिया होत्या. बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी बघितलं म्हणून कळलं. मी नसले की उंडा बुडवला की चावला, हे कोण बघणार?"

या भीतीला मी 'सगळं नीट होईल' असं उत्तर देत नाही. आम्ही एक कागद केला. इंग्लंडमधल्या इस्पितळांत याला 'हॉस्पिटल पासपोर्ट' म्हणतात. बाबूबद्दल अनोळखी डॉक्टरला किंवा नर्सला काय कळायला हवं ते एका पानावर. फिट कशी येते, औषधं कोणती, कुठल्या औषधाने त्रास झाला. बरा असतो तेव्हा कसा असतो. माई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'रागावला तर ओरडतो. दुखलं तर ओरडत नाही, गप्प होतो आणि थंड वस्तूला अंग लावतो.' 'सुई दाखवू नये, आधी बसचा फोटो द्यावा.' 'माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलावं. त्याला कळतं.'

कागद घरी गेला. थोरल्याने तो प्लॅस्टिकमध्ये घालून यूडीआयडी कार्डाबरोबर कपाटात ठेवला आणि एक प्रत वहिनीच्या मोबाइलवर. मला फोटो पाठवला तेव्हा तळाशी बॉलपेनने लिहिलेली एक ओळ दिसली, जी मी लिहिलेली नव्हती. अक्षर माईंचं नव्हतं, थोरल्याचंही नव्हतं.

'उंडा चहात बुडवायला लागला तर उजवीकडची दाढ बघावी. — वहिनी.'