फ्रेमबफरमध्ये १६ बिट आणि ३२ बिट रंग नक्की कसे साठवतात? माझं चित्र तिरकं येतंय आणि रंगही भलतेच दिसतात.

फ्रेमबफर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवणारी मेमरी. तिरकं चित्र आणि भलते रंग हे तिथले दोन वेगळे रोग आहेत. पॅनेल उचलून दुकानात परत नेऊ नका, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आधी रंग. १६ बिटमध्ये पिक्सेलला दोन बाइट: वरचे ५ बिट लाल, मधले ६ हिरवे, खालचे ५ निळे. शुद्ध लाल हेक्समध्ये एफ८००, हिरवा ०७ई०, निळा ००१एफ. पण आपल्या नेहमीच्या इंटेल-एआरएम प्रोसेसरवर खालचा बाइट मेमरीत आधी बसतो, म्हणजे लाल पडतो ०० एफ८ असा. तोच बफर आयएलआय९३४१ सारखी चिप असलेल्या एसपीआय (मोजक्या तारांवरून बिट एकामागून एक पाठवणाऱ्या) पॅनेलकडे जसाच्या तसा ढकललात, की ते वरचा बाइट आधी आलाय असं धरून ००एफ८ वाचतं: लाल शून्य, हिरवा ६३ पैकी ७, निळा ३१ पैकी २४. लालाचा निळा झाला. त्याच हिशेबाने हिरव्याचा लाल होतो आणि निळ्याचा हिरवा. काळा-पांढरा मात्र शाबूत, म्हणूनच नुसता पांढरा पडदा दाखवून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. तिन्ही रंग एकेक करून भरा. हिरवा बरोबर आणि फक्त लाल-निळ्याची अदलाबदल दिसली, तर बाइट उलटवू नका. त्या चिपच्या ३६ हेक्स कमांडमधला बीजीआर (लाल-निळ्याचा क्रम ठरवणारा) बिट बदला.

३२ बिटमध्ये सहसा निळा, हिरवा, लाल आणि चौथा बाइट रिकामा. त्यात २४ बिटपेक्षा जास्त रंग असतात ही थाप आहे. चौथा बाइट फक्त पिक्सेल चारच्या पटीत बसावा म्हणून. १९२० × १०८० ला ८२,९४,४०० बाइट लागतात, सलग २४ बिटमध्ये ६२,२०,८००. वाचलेल्या जागेपायी बहुतेक पिक्सेल वेड्यावाकड्या पत्त्यांवर येतात. मी तो सौदा करणार नाही.

आता तिरकेपणा. ‘ओळ म्हणजे रुंदी गुणिले बाइट’ हे ज्याने पहिल्यांदा शिकवलं त्याला काय म्हणावं! १३६६ रुंदीच्या पडद्याला ३२ बिटमध्ये ओळ ५४६४ बाइटची, पण हार्डवेअरला ६४ च्या पटीत हवी असेल तर ती ५५०४ होते. शेवटचे ४० बाइट दिसतच नाहीत. तुम्ही ५४६४ ने पुढे गेलात की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सरकते. लिनक्सवर एफबी० ही फ्रेमबफरची डिव्हाइस फाइल उघडून फिक्स्ड स्क्रीनइन्फोमधली लाइन लेंग्थ (ओळीचे खरे बाइट) वाचा आणि पत्ता काढा: वाय गुणिले लाइन लेंग्थ, अधिक एक्स गुणिले पिक्सेलचे बाइट. रंगांच्या जागाही व्हेरिएबल स्क्रीनइन्फोमधल्या ऑफसेट आणि लेंग्थवरून घ्या, वर मी दिलेल्या क्रमावर विसंबू नका.

१६ वरून ३२ वर नेताना ५ बिट नुसते ३ ने डावीकडे सरकवले तर कमाल २४८ येतात आणि पांढरा मळकट दिसतो. वरचे ३ बिट खाली पुन्हा भरा, २५५ होतील. हिरव्याला सरकवणं आणि भरणं दोन्ही २ बिटांचं.

८ बिटला रंगांचा हा हिशेब सहसा लागू नाही. तिथला बाइट रंग नसून पॅलेटमधला, म्हणजे रंगांच्या यादीतला, क्रमांक असतो, आणि व्हीजीए या जुन्या पीसी डिस्प्लेच्या पॅलेटमध्ये प्रत्येक रंगाला ६ च बिट. २५५ लिहिलंत तरी तो ६३ च धरतो, आणि ६४ लिहिलंत तर शून्य.