आधी व्हिडिओ, मग की

अगं,

तुझा मेल काल रात्री वाचला. नवीन गेम रिलीजआधी तुझ्या यूट्यूब चॅनेलसाठी मिळावा म्हणून गेम बनवणाऱ्या डेव्हलपर लोकांना पाठवलेला मजकूर तू खाली चिकटवला होतास, तो दोनदा वाचला आणि चिडून लॅपटॉप मिटला. "रिस्पेक्टेड सर, मला तुमचा गेम खूप आवडला", असा एकच मजकूर 60 जणांना! जो गेम अजून आलाच नाही तो तुला आवडला कसा गं? आणि शेवटी "शक्य असल्यास 3 कीज, माझ्या फ्रेंड्ससाठी पण." की म्हणजे गेम उघडायचा कोड, तो पण तीन-तीन! इथेच तुझा मेल कचऱ्यात गेला बघ. या लोकांना असे मेल ढिगाने येतात, कुणीतरी मोठ्या चॅनेलचं नाव लावतं, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं करतं, कीज उकळतं आणि नेऊन विकतं. तीन कीज मागणारी तू आणि तो भामटा, समोरच्याला दोघं सारखेच दिसता. म्हणून मागायची तर एकच, आणि मेल त्याच पत्त्यावरून करायचा जो चॅनेलच्या माहितीत दिलेला असेल, म्हणजे त्याला ताडून बघता येतं. तुझ्या चॅनेलवर पत्ताच नाहीये, मी बघून आलो.

"412 सबस्क्रायबरवर कोण देणार, किती झाले की देतात?" हा प्रश्न तू मेलमध्ये चार वेळा विचारलायस. मला तो प्रश्नच आवडत नाही. आधी व्हिडिओ, मग की. पाच हजार झाले तरी हेच, पन्नास हजार झाले तरी हेच.

स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्याचा नेक्स्ट फेस्ट असतो ना, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर, आठवडाभर नुसते डेमोच डेमो, फुकट, कुणाच्या पाया पडायला नको. सगळे वरच्या दहा-पंधरा गेमांवर तुटून पडतात. तू खाली स्क्रोल करत जा, एकट्या-दुकट्याने बनवलेला, यूट्यूबवर शोधलं तर ट्रेलरशिवाय काही सापडत नाही असा एखादा उचल, नीट खेळ, व्हिडिओ टाक आणि मग तो बनवणाऱ्याला चार ओळी लिही. मराठीत खेळलेय, इंग्लिश सबटायटल टाकलेत, 12 मिनिटं 40 सेकंदाला जिन्याखाली अशी अडकले की बाहेरच येता येईना. बस. तो माणूस बारा-चाळीसला जाऊन बघणारच बघ, दोन-दोन वर्षं ज्यात जीव ओतला ते कुणी अनोळखी पोरगी खेळताना कशी वैतागते हे त्याला पैसे देऊनही बघायला मिळत नाही. या मेलमध्ये की मागायचीसुद्धा नाही. ती पुढच्या मेलला, "रिलीजच्या आधी मिळाली तर पूर्ण गेम करीन", एवढ्या एका वाक्यात. डेव्हलपर जिथून यूट्यूबवाल्यांना कीज देतात त्या कीमेलरसारख्या साइटवर नाव घाल हवं तर, पण तिथेही समोरचा तुझं चॅनेल उघडून बघतो, आणि तिथे काय दिसणार त्याला? आधी व्हिडिओ!

आणि 'अर्ली ॲक्सेस'चा तू घोळ घातलायस, रिलीजआधी की मिळणं ते वेगळं. स्टीमवर ज्याला अर्ली ॲक्सेस म्हणतात तो अर्धवट गेम असतो, कुणीही विकत घ्यावा, 2013 पासून चालू आहे ते. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स डिसेंबर 2021 ला असाच आला, तीनेक डॉलरला, आणि जानेवारीत यूट्यूबवरच्या व्हिडिओंनी त्याला डोक्यावर घेतलं. अशा गेमसाठी "सर प्लीज" करत बसायची गरजच काय?

माझं सांगतो. 2017 ला दोन भावांनी मिळून केलेला एक कोड्यांचा गेम होता, मी मोठ्या मोठ्या बाता मारून की मागितली आणि रिलीजच्या नऊ दिवस आधी ती आली पण. बायकोला उठवून दाखवली, ती म्हणाली हे 15 अक्षरं आहेत फक्त. मग ऑफिस, मग म्हटलं आधी त्या मोठ्या गेमचा व्हिडिओ उरकू, त्याला व्ह्यूज येतील, आणि ह्याचा राहिला तो राहिलाच. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा मेल, गेम चालवताना काही अडचण आली का, सांग, मदत करतो. रागावला असता तर बरं झालं असतं. मी उत्तरच दिलं नाही. तो मेल अजून इनबॉक्समध्ये आहे, डिलीट करवत नाही. तेव्हापासून ज्याच्यासाठी आधी काही केलं नाही त्याच्याकडे मी काही मागत नाही म्हणजे नाही.

तू म्हणशील, दादा, एवढं तत्त्व पाळून अकरा वर्षांत सबस्क्रायबर साडेसहा हजारच का? पोहोचलंय ते मला. माझ्याबरोबर सुरू केलेली दोन पोरं आज लाखाच्या वर आहेत, त्यांनी तत्त्वबित्त्व काही पाळलं नाही. पण गेल्या दिवाळीपासून चार डेव्हलपरनी स्वतःहून मला की पाठवली, न मागता, आणि मी एवढ्याशा खोलीत पंखा बंद करून, घाम पुसत रेकॉर्ड करतो त्यात मला ते पुरतं. पुरतं म्हणजे पुरतं.

की आलीच तर एम्बार्गोची वेळ, म्हणजे ज्याच्या आधी व्हिडिओ टाकायचा नाही ती, नीट वाच. मी एकदा "सकाळी 10" म्हणजे आपले 10 समजलो, ते होते अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेचे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या रात्रीचे साडेदहा. साडेबारा तास आधी व्हिडिओ टाकून मोकळा! आणि की फुकट मिळाली हे व्हिडिओत सांगून टाकायचं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्कीने 2021 ला इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले त्यात फुकट मिळालेली वस्तूही धरलीय. प्लेटेस्टला, म्हणजे गेम तयार होत असताना चाचणीला, घेतलं तर रेकॉर्डिंगला परवानगी आहे का ते आधी बघ.

नवीन मेल लिहिलास तर तपासायला मला पाठवू नको, वाचणार नाही. व्हिडिओची लिंक पाठव. रात्री साडेदहानंतर बघतो, तोवर आमची छोटी झोपलेली असते.

दादा