स्लाइड बघायच्या आधी वय बघ

अगं, तुझा प्रोजेक्टचा ड्राफ्ट काल ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रेनमध्ये वाचला. पहिल्याच पानावर लिहिलंयस, लहान मुलांची इम्युनिटी कच्ची असते म्हणून त्यांना सारखा सर्दी-खोकला होतो. ते वाक्य आधी काढ. कच्ची नसते गं, वेगळी असते, आणि हे मला कळायला एका आईला रात्रभर रडावं लागलं.

मी नवीन होते, नौपाड्यात एका लॅबमध्ये. दीड वर्षाच्या बाळाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आला. लिम्फोसाइट, म्हणजे जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६० टक्के, मी मोठ्या माणसांच्या रेंजशी ताडून बघितलं आणि सरळ 'वाढलेले' म्हणून रिपोर्ट दिला. सकाळी सरांनी एवढंच विचारलं, वय वाचलंस का? त्या वयात रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुढे जातात ते चार-पाच वर्षांच्या आसपास.

श्वसनमार्गाचंही तसंच आहे. वायुकोशातल्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतल्या, मॅक्रोफेजचे (धूळ-जंतू गिळणाऱ्या पेशींचे) पूर्वज बाळ पोटात असतानाच फुफ्फुसात पोचलेले असतात, पण त्या पेशी खऱ्या तयार होतात जन्मानंतर, हवा आत आल्यावर. टी-सेल, म्हणजे एका प्रकारचे लिम्फोसाइट, सुरुवातीला बहुतेक कोऱ्या असतात, कुठल्या जंतूशी गाठच पडलेली नसते. मग एकेक सर्दी येते-जाते आणि तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या काही मेमरी सेल फुफ्फुसातच मुक्काम ठोकतात, रक्तात सहसा परत येत नाहीत, म्हणून नुसतं रक्त तपासून फुफ्फुसाची गोष्ट कळत नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या डोना फार्बर यांच्या टीमने अवयवदात्यांचे टिश्यू तपासले म्हणून तर हे इतकं स्पष्ट दिसलं. लहानपणी श्वासनलिकांच्या कडेने लिम्फोसाइटचे पुंजके असतात, तीनेक वर्षांनंतर ते दिसेनासे होतात, जणू नवीन सोसायटीत पहिली काही वर्षं जास्तीचे वॉचमन ठेवावेत तसं. आईकडून आलेल्या अँटीबॉडी सहाएक महिन्यांत ओसरतात ना, त्याच काळात हे सगळं उभं राहत असतं. आणि कोविडमध्ये तर मुलांच्या नाकातल्या पेशी व्हायरस ओळखायला मोठ्यांपेक्षा आधीच तयार असलेल्या दिसल्या, मग कच्ची कशी म्हणायची?

म्हातारपणी थायमस, म्हणजे टी-सेल जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी, आक्रसलेला, कोऱ्या टी-सेल कमी, आणि बारीक सूज कायमची, ते तू वाचलंयसच.

आता तुझी एक्सेल. ० ते १२ वर्षं असा एकच गट केलायस, त्यात तीन महिन्यांचं बाळ आणि सहावीतला मुलगा एका ओळीत बसलेत, ॲव्हरेज काढलंस की दोघंही हरवले. दोन वर्षांखालच्यांचं वय महिन्यांत लिही.

शनिवारी दुपारी ये. ठाणे-बेलापूर रोडवर वर्षानुवर्षं ट्रक चालवलेल्या एका काकांची लव्हाजची, म्हणजे फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवाची, स्लाइड काढून ठेवते, मॅक्रोफेज काजळीच्या काळ्या कणांनी गच्च भरलेत, केंद्रक शोधावं लागतं. शेजारी एका बाळाची ठेवते, एकदम स्वच्छ. दोन्ही बघ आणि मग पहिलं पान परत लिहायला घे.

— ताई