इंग्रजीत 'बी'पासून सुरू होणाऱ्या छोट्या शब्दांचे (बार, बे, बो, बीम, बॉय) इतके वेगवेगळे अर्थ का असतात आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुमच्या यादीत 'बो' दिसला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर इंग्रजीच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. बी-ओ-डब्ल्यू. या तीन अक्षरांपायी मी 1992 च्या मे महिन्यात पाच रुपये हरलोय.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. बाबा आधी बरीच वर्षं बोटीवर होते (कोकणात 'बोटीवर आहे' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो, मालवाहू जहाजावर खलाशी), मग ते सोडून घरी आले आणि मच्छीमारी धरली. शिक्षण चौथी. मी तेव्हा आठवीत. पहिलीपासून इंग्रजी हे 2000 नंतरचं, आम्हाला ए-बी-सी-डी पाचवीत दिसली, म्हणजे माझं इंग्रजी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. आणि दर मे महिन्यात डोंबिवलीहून आत्या यायची, सोबत माझा आतेभाऊ, दादा, अकरावीतला, इंग्लिश मीडियमवाला. त्याच्याकडे एक लाँगबुक होतं आणि त्यात अक्षरवार याद्या, ए चे छोटे शब्द, बी चे छोटे शब्द, समोर एकेक अर्थ, लाल पेनाने अधोरेखित.

एका संध्याकाळी लाईट गेलेली, ओटीवर कंदील, आत्या हाताला खोबरेल लावून फणस फोडत बसलेली, बाबा कोपऱ्यात जाळं शिवतायत. दादा म्हणाला बी चे दहा शब्द विचारतो, दहाच्या दहा आले तर पाच रुपये तुला, एक जरी चुकला तरी तू मला द्यायचे. आठ बरोबर आले. नववा त्याने स्पेलिंग करून विचारला, बी-ओ-डब्ल्यू. मी म्हटलं बाऊ, बोटीची नाळ. (नाळ म्हणजे बोटीचा पुढचा भाग, माहीत नसेल तर.) दादा असा हसला की आत्याच्या हातातला गरा खाली पडला. म्हणे बाऊ काय बाऊ, लहान मुलाला बाऊ होतो, हा बो आहे, बो म्हणजे धनुष्य. सगळं घर हसलं. मी बाबांकडे बघितलं कारण शब्द त्यांचाच होता, त्यांच्याच तोंडून ऐकलेला. दादानेही विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा." बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तू शिकलेला, तुजा बरोबर असंल."

पाच रुपयांचं मला काही वाटलं नाही, ते तसेही आईकडून उसने घेतलेले. पण ते 'तू शिकलेला' माझ्या अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मला उठवून खाडीवर नेलं. बोटीच्या पुढच्या टोकावर हात आपटून विचारलं, "ही काय?" म्हटलं नाळ. "हीच बाऊ. आमचा सारंग बाऊच म्हनायचा. बो म्हनला असतास तर शिव्या खाल्ल्या असत्यास." (सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम.) मग काल बोललात का नाय, विचारलं तर म्हणाले, "भयनीचा पोर हाय, चार दिवसांचा पावना." आणि तिथेच, उजाडेपर्यंत, मला अख्खी बोट इंग्रजीत शिकवली. बोटीची जास्तीत जास्त रुंदी ती बीम. तळाशी पाणी साचतं तो बिल्ज, रोज उपसायचा. पाण्यावर खूण म्हणून तरंगतं ते बॉय (बी-यू-ओ-वाय, मुलगा नव्हे), आपल्या जाळ्यावरचा बोया असतो ना तोच भाऊ त्याचा, पोर्तुगीजांकडेही जवळजवळ हाच शब्द आहे. झेंड्यांच्या भाषेत तर नुसत्या बी या अक्षरालाही अर्थ आहे, लाल झेंडा, मागून दोन शेपट्या, म्हणजे बोटीत धोक्याचा माल आहे किंवा चढ-उतार चालू आहे. हे सगळं चौथी पास माणूस सांगतोय, लाँगबुकाशिवाय.

आणि बार. दादाच्या यादीत बार म्हणजे 'सळई'. आमच्याकडे खाडीच्या तोंडावर जाऊन बघा बार म्हणजे काय ते. नदी गाळ घेऊन येते, समुद्राला भिडली की पाण्याचा जोर मोडतो आणि गाळ-वाळू तिथेच बसते, किनाऱ्याकडेने लाटा वाळू सरकवत आणतात तीही तिथेच, असं करत करत पाण्याखाली आडवा बांध तयार होतो, तो बार. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर ओढतंय आणि समोरून लाट येतेय अशा वेळी त्या बांधावर लाट उभीच राहते, आणि त्यात सापडली तर बोट आपटते. वादळात हर्णैच्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत येतात, तेव्हा आत शिरताना हीच भीती असते. भरती चढायची वाट बघायची, मग घुसायचं. बाहेर थांबून वाट बघणाऱ्याला बारचा अर्थ पाठ करावा लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. अर्थ इतके का, तर माझ्या समजुतीप्रमाणे दोन भानगडी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

एक, शब्द एकच असतो पण तो पसरत जातो. बार म्हणजे मुळात आडवा दांडा, वाट अडवणारं काहीतरी, हा फ्रेंचांकडून आलेला. खाडीतली वाळू आडवी, कोर्टातला कठडा आडवा (बॅरिस्टर त्यातूनच), दारूच्या दुकानातलं काउंटर आडवं, ज्याच्या पलीकडे बाटल्या आणि अलीकडे गिऱ्हाईक. एवढं कळलं की सगळे अर्थ एका माळेत येतात. बीमचंही तसंच, जुन्या इंग्रजीत बीम म्हणजे झाड, जर्मनमध्ये अजून झाडाला बाउम म्हणतात. झाडाचं झालं लाकूड, लाकडाची झाली तुळई, तुळईसारखा सरळ तो उजेडाचा झोत, आणि बोटीत आडव्या तुळया जिथे सगळ्यात लांब तिथली रुंदी.

दुसरी भानगड म्हणजे शब्द वेगळेच, नातं काही नाही, पण घासून घासून स्पेलिंग एक झालं. दाब मोजायचा बार हा ग्रीकमधून आलाय, वजन या अर्थाचा, त्या आडव्या दांड्याशी त्याचा काही संबंध नाही. (वादळाच्या बातम्यांत मिलिबार ऐकता तो हाच, समुद्रसपाटीला साधारण 1013.) धनुष्याचा बो आणि वाकून नमस्कार करायचा बाऊ हे सख्खे, दोघांतही वाकणं आहे, पण बोटीचा बाऊ त्या घरातला नाहीच, तो डच-जर्मन बाजूच्या खलाशांच्या बोलीतला, मूळ अर्थ खांदा. म्हणजे दादा, तुझं धनुष्यही बरोबर होतं आणि माझी नाळही, पण तू विचारताना उच्चार केला नव्हतास, नुसतं स्पेलिंग सांगितलं होतंस, त्यामुळे मी चुकलो नाही. हे मी तेहेतीस-चौतीस वर्षं सांगतोय.

बे तर कडबोळंच आहे. उपसागराचा बे वेगळा, तांबड्या घोड्याचा बे वेगळा, बे लीफचा बे वेगळा. आणि दुकानात इंग्रजी नाव लावून जे बे लीफ विकतात ते आपलं तमालपत्र असतं, दालचिनीच्या भाईबंदांपैकी, युरोपातलं बे झाड निराळं. दादा म्हणायचा बॉम्बे म्हणजे 'चांगला बे', पोर्तुगीज बोम बाइया. तेही पटत नाही, पोर्तुगीजमध्ये बाइया स्त्रीलिंगी, मग बोआ बाइया पाहिजे होतं.

आणि हे फक्त इंग्रजीतच होतं असं नाही हो. भांग घ्या. केसातला भांग, शिवरात्रीची भांग, आणि आमचा समुद्राचा भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असते ते दिवस, उधाणाच्या उलट. त्याच उन्हाळ्यात मी दादाला विचारलं होतं भांगाचे तीन अर्थ सांग, पाच रुपये. त्याला दोनच आले. तिसरा ऐकून म्हणाला असा शब्दच नाही, पुस्तकात दाखव. मी काय दाखवणार, समोर समुद्र होता. तेही पाच रुपये दिले नाहीत.

लक्षात कसं ठेवायचं म्हणाल तर यादी पाठ करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. यादी पाठ केलेल्या माणसाला एका शब्दाचा एक अर्थ येतो आणि तो दुसऱ्याला हसतो. शब्द ज्याच्या हातात रोज असतो त्याला विचारा, गवंड्याला बीम विचारा, वकिलाला बार, तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या मुख्य नावाड्याला) बाऊ.

अर्थात तुमची पुढच्या महिन्यात कसली परीक्षा असेल तर हे सगळं सोडा आणि गपचूप यादी पाठ करा, तांडेल शोधत बसलात तर पेपर जाईल. दादाचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे हेही खरं आहे, तो त्यावरच मोठ्या नोकरीला लागला. आणि उच्चारांचं म्हणाल तर बॉय हा ब्रिटिश उच्चार, अमेरिकन त्याला बूई म्हणतात, परीक्षेत काय चालेल ते तुमचं तुम्ही बघा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात दादाने घरच्या ग्रुपवर नातवासाठी तीच यादी टाकली, टाइप करून, बी-ओ-डब्ल्यू समोर अजून एकटं धनुष्य. मी काही लिहिलं नाही. पण दर मे महिन्यात त्याला आंब्याच्या पेट्या मीच पाठवतो, आणि या वर्षीच्या हिशेबात दहा रुपये जास्त लावलेत, त्याने अजून विचारलं नाहीये कशाचे ते.