मालकांचे उपकार आणि चाकणची ऑफर

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ११ वर्षं सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन कामाला लावून देतो. आम्ही २२ जण आहोत. लॉकडाऊनमध्ये दोन महिने शटर बंद होतं तरी मालकांनी सगळ्यांचे पगार दिले, त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यासाठी एफडी मोडली हे नंतर कळलं. वडलांच्या बायपासला दीड लाख उचल दिली, साध्या कागदावर सहीसुद्धा घेतली नाही, त्यातले ६० हजार अजून फिटायचेत. आता चाकणला मोठ्या कंपनीत महिना १४ हजार जास्त मिळतायत. बायको म्हणते जा. मला वाटतं मी नमकहराम ठरेन. गेलोच तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी सोडून देऊ का, तेवढीच परतफेड? – उपकारात बुडालेला."

दादा, आधी एक सांगते, मला तुमच्या मालकांचा हेवा वाटला. इतका जीव लावणारा माणूस त्यांना मिळाला तो काही पगारावर मिळत नाही. पण तुम्ही पत्रात दोन गोष्टींचा पार काला करून ठेवलाय. वडलांसाठी दिले ते पैसे आणि शिफ्ट संपल्यावरही तुम्ही ओव्हरटाइम न लावता जे थांबता (हे पत्रात दोनदा लिहिलंय तुम्ही, तक्रार म्हणून नाही, पण दोनदा), हे सगळं तुमच्या डोक्यात एकाच वहीत चाललंय. तशी वही कधी फिटत नाही हो, व्याज तुम्हीच लावत बसता.

माझंच सांगते. बाविसाव्या वर्षी मी एका छापखान्यात प्रूफं तपासायला होते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा मालकांनी न मागता पैसे दिले आणि दुपारी त्यांची बायको दवाखान्यात डबा घेऊन आली, मेथीची भाजी आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, हाताला अजून गरम लागत होत्या. पुढे मला दुसरी नोकरी लागली आणि तोंड दाखवायची एवढी लाज वाटली की मी राजीनामा चक्क खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातून पाठवला. चार वर्षांनी तोच कंपोझिटर बसस्टॉपवर भेटला, म्हणाला, बाई, तू गेलीस त्याचं त्यांना काही नव्हतं, पण सांगायला आली नाहीस म्हणून महिनाभर तुझ्या टेबलावर कुणाला बसू दिलं नाही. ते मला अजून खुपतं.

म्हणून तुम्ही काय करायचं, तर हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जायच्या आत स्वतः जाऊन सांगायचं. शॉप फ्लोअरवर नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही, केबिनमध्ये, दुपारच्या चहाला. सुरुवात ऑफरने करू नका, वडील आता रोज सकाळी चालायला जातात इथून करा.

मग मुदत द्या. करारात महिन्याची नोटीस असेल तर तुम्ही दोन महिने थांबायची तयारी दाखवा, चाकणवाल्यांना विचारून बघा, चांगला सेटर हवा असेल तर थांबतील. त्या दोन महिन्यात तुमच्या हाताखालच्या पोराला तयार करा. कुठल्या जॉबला कुठला ऑफसेट (टूलचं माप), कुठला इन्सर्ट (कापायचं पातं) किती पीसनंतर बदलायचा, कुठल्या पार्टीचं मटेरियल कडक येतं, हे सगळं आज तुमच्या डोक्यात आहे, ते एका वहीत उतरवून द्या. छोट्या वर्कशॉपला माणूस जाण्यापेक्षा हे जाणं जड पडतं, रिजेक्शन वाढतं आणि पार्टी हातची जाते. खरी परतफेड म्हणाल तर ती वही.

आता ग्रॅच्युइटी. हे वाचून मात्र मी चिडले. १९७२ च्या कायद्यापासून तो कामगाराचा हक्क आहे, दहा किंवा जास्त माणसं असली आणि पाच वर्षं भरली की झाला. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. तुमचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १८ हजार धरला तर ११ वर्षांचे साधारण १ लाख १४ हजार होतात. हे तुमच्या घामाचे पैसे आहेत, दानधर्म नाही, आणि तुम्ही ते सोडलेत तर असा माणूस उलट दुखावेल. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात आठ तासांची पाळी १९१२ मध्ये आली, पीएफ १९२० मध्ये, देशाचा पीएफचा कायदा यायला १९५२ उजाडलं. चांगुलपणा नियमात बसवला की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, म्हणून सांगतेय. पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा.

उरलेले ६० हजार मात्र हिशोबातून परस्पर कापू देऊ नका. ग्रॅच्युइटी हातात आली की स्वतः नेऊन द्या. ते नको म्हणतील, तरी ठेवा टेबलावर.

बायकोवर रागावू नका, दोन पोरांच्या फिया ती भरते. तिने त्या वहिनींना कधी बघितलंय का हो? पत्रात तरी तसं दिसत नाही. खंडेनवमीला नव्या कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी मागा, तिला बरोबर घ्या आणि जुन्या वर्कशॉपमध्ये जा. तुमच्या मशीनला हार तुम्हीच घाला, आता ते पोरगं चालवत असलं तरी.